रक्त भरून काढणारं सूप

पाळी जायच्या दिवसांत माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची. मध्यरात्री उठून घामाने चिंब कपडे बदलायचे. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तांगकुईची, बायकांचं रक्त वाढवते म्हणतात ती मुळी घालून बदकाचं सूप रोज सकाळी माझ्यापुढे ठेवायला लागल्या. एरवी माझ्याशी धड न बोलणारी बाई! सूप कडवट लागायचं, पण घाम थांबला, झोप आली. मी गुमान प्यायले.

मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आज जेवताना नाकातून सुरू झालं, ते थांबेचना. ताइनान शहरातल्या इस्पितळात पोचेपर्यंत अंगावरचे कपडे लाल झाले होते.

माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. डॉक्टर रिपोर्ट बघून चमकले. "गोळी चुकून दोनदा घेतलीत का?"

"नाही."

"दुसरं काही औषध? झाडपाल्याचं?"

"काहीच नाही."

मी खोटं बोलले नाही. वैद्याच्या पुडीतून येतं ते औषध. सूप म्हणजे जेवण.

"डोक्यात रक्तस्राव झाला तर हाताबाहेर जाईल," असं म्हणून ते घाईने बाहेर गेले. मला भयंकर भीती वाटली.

तेवढ्यात सासूबाई थर्मास घेऊन आल्या. "केवढं रक्त गेलं गं, लीशिया! आज दुप्पट मुळी घातलीय. सगळं भरून निघेल."

"आई, नको वाटतंय."

"नको म्हणे! तोंड बघ कसं पांढरंफटक पडलंय. पी मुकाट्यानं."

वाटी ओठांना लागली, तोच नर्स पडदा सारून आत आली आणि थबकली. "तांगकुईचा वास येतोय?" तिने वाटी हिसकावलीच. "आजी, हिच्या गोळीवर ही मुळी म्हणजे विष! रक्त आणखी पातळ होतं. कधीपासून देताय?"

"रोजच देते."

"मग डॉक्टरांना सांगायचं नाही?"

"सूप काय सांगायचं असतं, बाई?"

नर्स धावली. इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. संध्याकाळी कुठे रक्त थांबलं. सासूबाई तोवर भिंतीशी उभ्याच होत्या.

"म्हणजे मीच तुझा जीव घेत होते?"

राग आला होता मला, खरंच आला होता. "हो, आई," मी म्हणाले. "आणि इतक्या महिन्यांनी झोपही तुम्हीच दिलीत."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि आपल्या बाहीने माझ्या नाकाखालचं वाळलेलं रक्त पुसू लागल्या.