सुकटीची ओंजळ

नामा कोळ्याला हुडहुडी भरली की कळव्याचे खाडीकाठचे घर भरतीतल्या होडीसारखे हलत असे. अशा वेळी डोंबिवलीहून डॉक्टर अनिमेष मोठ्या औदार्याने आले. हिवतापावरच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांची चाचणी घ्यायला त्यांना रुग्ण हवे होते आणि इथे डासांना तोटा नव्हता. एवढ्यावर विज्ञान कुठवर पोचेल, सांगवत नाही.

"पथ्य एकच," ते म्हणाले. "घरात उग्र वास नको. वासाने औषधाची सूक्ष्म शक्ती मरते."

नवऱ्याच्या जिवापुढे काय! भागीरथीने वर्षाची सुकट, बोंबील सारे नणंदेकडे धाडले. घर निर्गंध झाले. ताप मात्र दिवसाआड, दुपार टळताच, जावयाच्या तोऱ्यात येतच राहिला.

डॉक्टरांनी उंबऱ्यातच नाक आक्रसले. "वास आहे. यांना चाचणीतून वगळावे लागेल." ज्याचा ताप हटत नसे त्याच्या घरात त्यांना वास हमखास सापडे, म्हणून चाचणी आजवर पूर्ण यशस्वी होती.

"शेजारचा वास आहे, डॉक्टर," नामाची लेक वर्षाली म्हणाली. "त्यापलीकडे खाडीचा. खाडी जरा मुंब्र्याकडे सरकवू का?"

संध्याकाळी बाप बरळू लागला तशी तिने रिक्षा बोलावली. पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासले, हिवताप निघाला, कडू गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांना वासाचे वावडे नव्हते.

नामा पुन्हा जाळे सांधायला बसला, तसे डॉक्टर उगवले. "पाहा, आमच्या गोळ्या उशिरा का होईना, लागू पडल्या! यांना परत चाचणीत घेतो. आता शेजारच्या शकूकडे निघालोय, तीही तापली आहे म्हणे."

शकू पोटुशी होती. वर्षाली तडक बाहेर धावली.

भागीरथी उठली. पाहुण्याला रित्या हाताने वाटेला लावायची कोळ्यांत रीत नाही. घरी परतलेल्या सुकटीची ओंजळ तिने थेट डॉक्टरांच्या उघड्या औषधपेटीत रिकामी केली.

"अहो बाई! सगळी औषधे मेली!"

"अशी कशी मरतील, डाक्टर? घरान वास व्हता, तरी तुमच्याच गोल्यांनी यो बरा झाला. आताच बोललाव ना?"

डॉक्टरांचे तोंड उघडे राहिले. त्यात अर्थातच सुकटीचा वास गेला. त्यांनी पेटी मिटली आणि स्टेशनची वाट धरली.

तोवर शकू वर्षालीच्या खांद्यावर मान टाकून रिक्षात बसली होती.