सरांचा हात

कारवीच्या फांदीवर डाव्या बाजूला एक पान जास्त होतं.

अनुपमाने चष्मा पुसला आणि पर्समधून भिंग काढलं. पान अंगठ्याएवढं. त्याची कड गुळगुळीत होती. कारवीच्या पानाला कडेने बारीक दाते असतात. फांदीच्या पलीकडे त्याला जोडीदार नव्हता. कारवीची पानं समोरासमोर जोडीने येतात. रंग तपकिरीकडे झुकणारा हिरवा, चपट्या ब्रशने दोन फटक्यांत दिलेला. अनुपमाकडे चपटा ब्रश नव्हताच. आणि पानाखाली, तिने मुद्दाम कोरा ठेवलेल्या कागदावर, चहा सांडल्यासारखी एक सावली पसरली होती.

"झकास झालंय ना?" मागून शिवदासचा आवाज आला. "सर काल संध्याकाळी बसले होते. सगळ्यांवर हात फिरवला, पण तुमच्या चित्रापाशी सगळ्यात जास्त वेळ. नशीब लागतं, ताई!"

अनुपमाने भिंग पानावरून हलवलं नाही. तिला राग हळू यायचा, आणि आला की तिचा आवाज वर जाण्याऐवजी खाली जायचा, पार नाहीसा व्हायचा. शिवदासला हे माहीत नव्हतं. तो खुर्च्या मांडायला निघून गेला.

रविवारची सकाळ होती. बोरीवली पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये 'रेषा' कलामंडळाची चित्रं भिंतीला टेकवून ओळीने उभी होती. जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी सभासदांनी ती आठवड्याभरापूर्वी आणून दिली होती. थोड्या वेळाने कार्यकारिणीची बैठक होती: पुढच्या हंगामातल्या सहली, कार्यशाळा आणि हे प्रदर्शन पक्कं करायला. अनुपमा देवस्थळी या वर्षी प्रदर्शनप्रमुख. कोणतं चित्र कुठल्या भिंतीवर लावायचं ते ठरवायला ती सगळ्यांच्या आधी आली होती.

मंडळ नंदकुमार सरांनी काढलेलं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. अर्ध्या बोरीवलीने पहिला आंबा आणि पहिली घागर त्यांच्याकडे काढली असेल. प्रदर्शनाआधी सगळी चित्रं सरांसमोर ठेवायची आणि सरांनी त्यांच्यावर हात फिरवायचा, ही मंडळाची रीत. यात सर नुसतं बोट दाखवून चूक सांगत नसत. ते ब्रश घेत आणि तुमच्या चित्रात रंगवत. कुणाच्या समुद्रात होडी यायची, कुणाच्या म्हातारीच्या गालावर उजेड पडायचा, कुणाच्या आभाळात पक्ष्यांची रांग उगवायची. खाली सही तुमचीच राहायची. घरी पाहुणे आले की लोक कौतुकाने दाखवायचे, हा एवढा भाग सरांचा बरं का.

अनुपमा फुलझाडं काढायची. तीस वर्षं तिने एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासले होते. जे दिसतं तेवढंच आणि तसंच लिहायचं, ही तिथली शिस्त तिच्या बोटांत उतरली होती. निवृत्त झाल्यावर ती मंडळात आली. पहिल्याच वर्षी तिच्या पळसावर चिमणी येऊन बसली तेव्हा ती हसली होती. दुसऱ्या वर्षी बहाव्यामागे डोंगर उभा राहिला तेव्हा हसू आलं नाही. मग दर हंगामाच्या आधी ती शिवदासला म्हणायची, या रीतीचं एकदा काहीतरी ठरवू या. शिवदास मंडळाचा चिटणीस. तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू, ताई. सरांचं वय बघा." सरांचं वय दरवर्षी वाढतच होतं, त्यामुळे हे कारण कधी जुनं झालं नाही. आणि अनुपमा दरवर्षी गप्प बसली.

पण ही कारवी होती.

कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि फुलून झाली की मरते. यंदा पावसाळ्याच्या शेवटी नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या वरचे उतार जांभळे झाले, तेव्हा मंडळाची सहल गेली होती. बाकीच्यांनी फोटो काढले, डबे खाल्ले आणि ते उतरले. फूल तोडायला बंदी, म्हणून अनुपमा पुढे एकटीच जात राहिली, दिवस मिळेल तशी. घडीचं स्टूल चिखलात रुतायचं. मधमाश्या कानाशी गुणगुणायच्या, डास मानेवर तुटून पडायचे. फुलाच्या घशातली लव, कळ्यांवरचा चिकट ओलावा, जुन्या पानांवर किड्यांनी पाडलेली भोकं, सगळं तिने समोर बघून उतरवलं. आता तिथे वाळलेल्या काटक्या उभ्या होत्या. पुढच्या वेळी ती सत्तरीला टेकलेली असणार होती, आणि तिच्या गुडघ्यांनी आत्ताच कुरकुर सुरू केली होती.

सहलीतच तिने सरांना सांगितलं होतं. "सर, या चित्रावर मात्र हात नको हं."

"अगं, मी काय चित्र खातो का तुझं?" सर म्हणाले होते आणि सगळे खो खो हसले होते. ते उत्तर होकार की नकार, हे विचारायचं अनुपमाच्या ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही.

आता तिने बेसिनवर जाऊन स्वच्छ ब्रश भिजवला आणि सावलीच्या कडेला अगदी हलका टेकवला. रंग हलला नाही. कागदाचा मात्र कापसासारखा धागा वर आला. कुठला डाग उठतो आणि कुठला उठत नाही हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिने ब्रश पुसला. तो परत पिशवीत घातला.

"अय्यो, वाट लागली!" अक्षता दारातून थेट चित्रापाशी आली. अक्षता बँकेत नोकरीला. मंडळात वयाने सगळ्यात लहान आणि तोंडाने सगळ्यात मोठी. हातात वड्यांची पुडी होती. "ताई, तुम्ही कोपरा नव्हता सोडला?"

"कसला कोपरा?"

"अहो, कोपरा! सरांसाठी." अक्षताने पुडी खिडकीत ठेवली. "मी नाही का, माझ्या प्रत्येक चित्रात एक झुडूप अर्धवट ठेवते. सर येतात, झुडूप पूर्ण करतात, खूश होतात. बाकी चित्राला धक्का नाही. चरायला जागा ठेवायची, यार. नाहीतर पिकात शिरतात."

"हे सगळे करतात?"

"मग? शिवदासदादांची आभाळं नेहमी कोरी का असतात? तुम्हाला काय वाटलं, आळस?" अक्षता हसली. समोरून हसू आलं नाही तेव्हा थांबली. "ताई, मला वाटलं तुम्हाला माहितीये. एवढी वर्षं आहात ना मंडळात."

"माहीत असूनही कुणी काही बोललं नाही."

"कोण बोलणार? मी? माझ्या आईला शिकवलंय त्यांनी. परवा तिच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात सगळ्यात आधी तेच आले होते, शहाळं घेऊन. त्यांना काय तोंडावर सांगू, की सर, तुमचा ब्रश आवरा?"

अनुपमाला आतापर्यंत एका माणसाचा राग येत होता. आता तो सगळ्या ओळीवर पसरला. भिंतीला टेकलेल्या प्रत्येक चित्रात तिला तो सोडलेला कोपरा दिसायला लागला: हे झुडूप, ती होडी, तो ढग. गोड बोलून, पाया पडून, एका म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षं फसवत होते सगळे, आणि त्याला आदर म्हणत होते. तिचं तेवढं फसवायचं राहून गेलं, म्हणून तिचं पीक गेलं.

सर आले. पांढरा झब्बा, खांद्याला शबनम. तोवर जमलेले सगळे उठले. सरांनी अक्षताला आईची तब्येत विचारली, शिवदासच्या पाठीवर थाप मारली, अनुपमाकडे बघून भुवया उडवल्या. "काय, बघितलीस कारवी?"

"बघितली."

"आणि?"

"बैठकीत बोलू."

शिवदासने कार्यक्रम वाचायला घेतला. डिसेंबरात वसईच्या किल्ल्यावर सहल. फेब्रुवारीत व्यक्तिचित्रणाची कार्यशाळा, सर घेणार. मार्चमध्ये गोराईला कोळीवाड्यात रेखाटन. प्रत्येक गोष्टीवर माना डोलत होत्या आणि वडे संपत होते. एवढ्यात जिना चढून धापा टाकत ऋतिका आली. ती दिंडोशीच्या एका शाळेत शिक्षिका. मंडळात नवीन, पहिलंच प्रदर्शन. चित्र द्यायला उशीर झाला म्हणून तिने तीनतीनदा माफी मागितली आणि कागद टेबलावर उलगडला.

शिलाई मशीनवर वाकलेली एक बाई होती, तिची आई. मागे नुसती भिंत, फिकट पिवळी, ओल आलेली. चित्र पूर्ण होतं. कुठेही कोपरा सोडलेला नव्हता.

"वा!" सर उठून टेबलापाशी आले. "आई सुंदर आलीये गं. फक्त ही भिंत फार रिकामी. इथे एक खिडकी देऊ या." शबनममधून चपटा ब्रश निघाला. शिवदासने सवयीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

ऋतिकाने एकेका चेहऱ्याकडे बघितलं. आनंद व्हायला हवा की काय, ते तिला कळेना. "सर, पण आमच्या घरात तिथे खिडकी नाहीये."

"म्हणून तर द्यायची!" सर म्हणाले आणि सगळे हसले.

अनुपमाने पेला उचलला आणि आपल्या बाजूला ठेवला. "सर, ब्रश खाली ठेवा."

हसू एकदम थांबलं नाही. एकेकाचं करत विझलं.

"काय झालं?" सर म्हणाले.

"तिने खिडकी नाही म्हणून सांगितलं. तरी तुम्ही काढणार. मीही सांगितलं होतं, कारवीवर हात नको. तरी तुम्ही पान काढलंत."

"अगं, डावी बाजू उघडी पडत होती. तोल साधला नुसता. एक पान जास्त झालं तर कोण मोजतंय?"

"मी मोजते."

"तुझी ती प्रयोगशाळा झाली. हे चित्र आहे, अनुपमा."

"माझं चित्र आहे." तिचा आवाज इतका खाली गेला होता की ऐकायला सगळे पुढे वाकले. "तसं पान जगातल्या कुठल्याही कारवीला नाही. आणि खाली सही माझी आहे."

"ताई, ताई," शिवदास चहाची किटली पुढे ओढत मध्ये पडला. गडबडला की त्याची मालवणी बाहेर यायची. "कित्याक उगाच वाद? चहा घ्या आधी. अक्षता, कप काढ गो."

"शिवदास, तुझं आभाळ कोरं का असतं?"

शिवदासचा हात किटलीवर तसाच राहिला. अक्षता फरशीकडे बघायला लागली.

"का म्हणजे?" सरांनी विचारलं. "त्याला आभाळ जमत नाही. मी शिकवतोय त्याला."

सरांनी शिवदासकडे बघितलं, मग भिंतीकडच्या ओळीकडे, मग परत शिवदासकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. अनुपमाला वाटलं, कळलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, पण त्याने राग उतरला नाही.

"मुलांच्या हातावर हात ठेवून शिकवत आलो मी," सर सावकाश म्हणाले. "कुणी कधी हात मागे घेतला नाही."

"मुलं होती ती, सर. आम्ही नाही."

सरांनी ब्रश टेबलावर ठेवला. मग जरा हसून, तडजोडीच्या सुरात म्हणाले, "बरं. रागावलीस. पण कारवी यंदाचं सगळ्यात चांगलं चित्र आहे, पानासकट. दारातून शिरल्यावर समोरच्या भिंतीवर तीच लागली पाहिजे, हे मी कालच शिवदासला सांगितलंय. तुझं नाव होईल गं."

शिवदासला धीर आला. "तेच म्हणतो मी. ताई, यंदा प्रदर्शन तुमच्या हातात आहे, प्रमुखाचा शब्द शेवटचा. नियम करायचा तर करा. पण आत्ताच केलात तर हे सगळंच बाहेर जाईल. बाकीचे जानेवारीपर्यंत दुसरं काढतील, तुमची कारवी मात्र गेली ती गेली. त्यापेक्षा यंदा होऊन जाऊ दे. नियम पुढच्या वर्षीपासून. काय?"

पुढच्या वर्षी. दरवर्षी ऐकलेले तेच दोन शब्द, त्याच समजुतीच्या आवाजात. अनुपमाने कारवीकडे बघितलं. इतक्या लांबून ते पान खरंच कुणाला खुपलं नसतं. समोरची भिंत, खाली तिचं नाव. येणारी माणसं थांबली असती, वाकून बघितलं असतं. आणि उतारावर परत फुलं येईपर्यंत ती या जिन्यानेही चढू शकेल की नाही, कुणास ठाऊक.

टेबलापलीकडे ऋतिकाने दोन्ही तळवे आपल्या चित्रावर पसरून ठेवले होते, वाऱ्याने उडेल म्हणून धरावं तसे. हॉलमध्ये वारा नव्हता.

"पुढच्या वर्षीपासून नाही," अनुपमा म्हणाली, आणि या वेळी कुणाला वाकून ऐकावं लागलं नाही. "याच प्रदर्शनापासून. काढणाऱ्याखेरीज दुसऱ्याचा ब्रश ज्या चित्राला लागलाय, ते चित्र भिंतीवर लागणार नाही. शिवदास, कारवी ओळीतून बाहेर काढ."