मातीला न लागलेली पाठ

"मी आता जे सांगून राह्यलो, ते तुमच्यातल्या एकाही मानसाले पटनार नाही," बाबारावांनी माइक दोन्ही हातांनी धरून सुरुवात केली, "अन् ज्याले पटन, त्यानं उद्याच्या एसटीनं नागपूरले जाऊन डोकं तपासून यावं."

मुकुटबनच्या विहारासमोर घातलेल्या मांडवात हशा पिकला. बाबारावांचं बोलणं नेहमी असंच सुरू व्हायचं. झरीच्या जंगलात त्यांनी अस्वलाला चीत केलं ती गोष्टही अशीच सुरू व्हायची, आणि संपेपर्यंत ते अस्वल लाजेनं नदी ओलांडून तेलंगणात राहायला गेलेलं असायचं. सत्तरी उलटलेला गडी. दोन्ही कान आखाड्यात चुरगळून भज्यासारखे झालेले, पण आवाज असा की माइक नसता तरी भागलं असतं. त्यांच्या बाता गावाला ठाऊक होत्या आणि आवडायच्याही.

आज मात्र गोष्ट अस्वलाची नव्हती, नातीची होती. नात मागंच प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. दीपा. अंगावर शाल, मांडीवर गुच्छ, नजर चपलांच्या अंगठ्यावर. तिच्या डोक्यावर फ्लेक्स लावला होता: जिऊ-जित्सू स्पर्धेत सुवर्णपदक मिळवल्याबद्दल गावाच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन. फ्लेक्सवाल्यानं कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला होता आणि दुसऱ्याच कुणाच्या गळ्यातलं पदक उचलून तिच्या गळ्यात चिकटवलं होतं. ते नीट बसलं नव्हतं. हनुवटीच्या जरा डावीकडं लोंबत होतं.

तिचं स्वतःचं पदक चिकटवायला तरी कुठून आणणार? दीपाला पदक मिळालंच नव्हतं. ती पहिल्याच लढतीत हरली होती. मांडवात हे चौघांनाच ठाऊक होतं: दीपाला, तिच्या आईला म्हणजे प्रियंकाला, तिला शिकवणाऱ्या इंद्रजितला, आणि माइक धरून उभ्या असलेल्या तिच्या आबाजींना.

"तं पोट्टी उतरली मॅटवर," बाबाराव म्हणाले. "समोर कोन? भंडाऱ्याची एक पोट्टी. सव्वाशे किलोची! चालली का खालची फरशी करकर वाजे."

"बाबाराव, ते तं वजनाच्या गटात खेळतेत ना बे?" पहिल्या रांगेतून घनश्याम ओरडला. घनश्याम कापूस-तुरीचा शेतकरी, बाबारावांच्याच वयाचा. तरुणपणी दोघं लंगोट कसून एकमेकांसमोर उतरायचे. आता एकानं बात मारायची आणि दुसऱ्यानं खोड काढायची, असा खेळ चालायचा.

"गटातच होती. सकाळी वजन केलं तवा सत्तावन भरली. मंग नाश्ता केला ना तिनं!"

मांडव गदगदला. बाबारावांना तो आवाज पाठीवर ऊन पडल्यासारखा लागला. त्यांनी मागं वळून मात्र पाहिलं नाही.

जिऊ-जित्सू ही परदेशी विद्या मुळात त्यांना पटलीच नव्हती. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला टायरच्या दुकानामागं एक पत्र्याचं शेड आहे. इंद्रजित तिथं शिकवतो. आधी तो ट्रक चालवायचा. हैदराबादला माल उतरेपर्यंत ताटकळत बसण्यापेक्षा तिथल्या एका व्यायामशाळेत हे शिकायला लागला; पुढं ट्रक सुटला आणि व्यायामशाळा अंगात राहिली. दीपा कॉलेज सुटलं की त्या शेडात जायची. घरी आली की मोबाइलवर जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढती लावून बसायची, त्यात कोण कुणाच्या पायात पाय कसा अडकवतो ते थांबवून थांबवून बघायची. एकदा बाबाराव शेड बघायला गेले, तर निम्मी पोरं-पोरी निळ्या गादीवर उताणी पडलेली.

"हे सारे झोपले कायले?" त्यांनी विचारलं.

इंद्रजित हसला. "आबाजी, याच्यात पाठ लागली म्हनजे हार नसते. पाठीवर पडूनच लढा लागते. समोरच्याले पायात धराचं, तिथून डाव काढाचा. अन् नाहीच जमलं, गळा आवळला, हात पिरगळला, तं त्याच्या अंगावर हातानं टपटप कराचं. टॅप म्हन्तेत त्याले. टॅप केलं का तो सोडते."

"म्हनजे सोड म्हनून सांगाचं?"

"हो."

"अन् तो सोडते?"

"सोडाच लागते. मंग उठाचं, हात मिळवाचा, परत बसाचं खेळाले."

बाबाराव बाहेर आले. टायरच्या ढिगाकडं बघत उभे राहिले.

त्यांच्या घरात एकच गोष्ट शिकवली जायची, आणि ती चालायला यायच्या आधी शिकवली जायची. पाळण्यातलं लेकरू अंगणात आणायचं, उताणं टाकायचं आणि पोटाला गुदगुल्या करायच्या. ते पालथं झालं की साऱ्यांनी टाळ्या पिटायच्या: "शाब्बास! पाठ नाही लागली!" बाबाराव असेच वाढले. त्यांचा मुलगा धम्मदीप असाच वाढला, आणि धम्मदीपची लेक दीपाही.

धम्मदीप बापापेक्षा चांगला पैलवान होता, हे बाबाराव कुठल्याही बातेत कबूल करायचे. दीपा पहिलीत होती तेव्हा शेजारच्या गावी कुस्त्यांची दंगल होती. समोरच्या गड्यानं त्याला उचलून खाली आणलं. पाठ टेकणार तेवढ्यात धम्मदीपनं मानेची कमान केली. डोकं मातीत, टाचा मातीत, पाठ अधांतरी, आणि छातीवर तो गडी. फडाच्या कडेला बाबाराव गुडघ्यांवर बसून ओरडत होते, "नको लावू, धम्म्या! पाठ नको लावू!" त्यानं नाही लावली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. समोरचा गडी अंगावरून उतरला आणि तिथंच मातीत बसून रडायला लागला.

धम्मदीप गेला नाही. मानेखालचं अंग गेलं. मग खाट आली. प्रियंका त्याला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवायची, पाठीवरच्या जखमा कोमट पाण्यानं पुसायची, आणि तिला शेतावर मजुरीला जावं लागलं की दीपा पुसायची. दीपा सातवीत असताना खाट रिकामी झाली.

बाबारावांच्या गोष्टीत ही खाट कधी आली नाही. त्यांची गोष्ट फडातच संपायची: माह्या पोराची पाठ मातीले लागली नाही. त्या जागी गाव हसायचं नाही, आणि कुणी खोडही काढायचं नाही. घनश्यामसुद्धा खाली बघत तंबाखू मळायचा.

नागपूरच्या स्पर्धेला बाबाराव हट्टानं गेले होते. मॅटभोवतीच्या दोरीला लागून उभे राहिले. लढत सुरू झाली आणि भंडाऱ्याच्या मुलीनं दीपाला खाली आणलं. बारीकशी, वेणी घातलेली मुलगी होती ती, दीपाच्याच वजनाची. दीपा उताणी पडली.

"पाठीवरच राय!" इंद्रजित ओरडला. "पाय मधात घाल, दीपा! पाठीवरच राय!"

आणि दुसऱ्या बाजूनं बाबारावांच्या तोंडून, त्यांनी न ठरवता, निघालं, "पालथी हो! पाठ लागून राह्यली, पालथी हो!"

दीपा पालथी झाली. अंगणातल्या लेकरासारखी, एका झटक्यात. कुस्तीत ती वाचली असती. इथं समोरची मुलगी तिच्या पाठीवर चढली, पायांनी कंबर बांधली आणि गळ्याखालून हात घातला. दीपाचा चेहरा जांभळा झाला. बाबारावांनी दोरी मुठीत आवळली. मग दीपाचा हात त्या मुलीच्या मनगटावर पडला. टप टप. मुलीनं लगेच पकड सोडली आणि उलट ती दीपालाच विचारायला लागली, "लागलं का गं?" दोघी उठल्या. दीपा खोकत खोकत हसली. मान चोळत, स्वतःच्या पायांनी चालत दोरीपाशी आली आणि म्हणाली, "आबाजी, पानी द्या."

बाबारावांनी पाणी दिलं. परतीच्या एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि बाबाराव एसटीत गप्प बसले हेही गावात कुणाला पटलं नसतं. मुकुटबनला उतरले तर स्टँडवर घनश्याम बसलेला. "काय झालं बे?" त्यानं विचारलं.

"जिंकली," बाबाराव म्हणाले.

एवढंच. पुढचं सगळं त्या एका शब्दावर चढत गेलं. आधी चहाच्या टपरीवर, मग पारावर, मग पोरांनी फ्लेक्स छापला, मग हा सत्कार. दीपानं दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा बायाबापड्यांनी तिच्या तोंडात पेढा घातला. तेव्हापासून ती शेडात गेली नव्हती.

काल संध्याकाळी ती चुलीपाशी बसलेल्या बाबारावांसमोर येऊन बसली.

"आबाजी, उद्या माइकवर खरं सांगा. हरली म्हना. एवढंच."

"अवं, एक गोष्ट सांगतली तं काय झालं?"

"तिथं साऱ्या पोट्ट्या हारतेत, टॅप करतेत, उठून परत बसतेत. मी कोन्या तोंडानं जाऊ? माह्या गळ्यात तं पदक हाय." ती जरा पुढं सरकली. "तुमी नाही सांगतलं तं मी आता मॅटवर पाय ठेवत नाही. कधीच नाही."

चुलीतलं लाकूड सारत बाबाराव म्हणाले, "सांगतो."

त्यांना खरंच सांगायचं होतं. रात्री कूस बदलत त्यांनी वाक्यही जुळवलं होतं: पोट्टी हरली, पन नेटानं लढली. वाईट नव्हतं. पण त्या वाक्याच्या मागं दुसरं एक वाक्य येऊन उभं राहत होतं. पाठ टेकून, हात आपटून, माणूस पाणी मागायला चालत येऊ शकतो, तर मग... इथं आलं की बाबाराव कूस बदलायचे.

आणि आता माइक हातात होता, समोर हसायला टपलेली तोंडं होती.

"तं मंग काय केलं दीपानं?" ते म्हणाले. "उचलली त्या सव्वाशे किलोच्या पोट्टीले. अश्शी. अन् फेकली ते थेट पंचाच्या टेबलावर!"

"टेबल मोडला असन!" घनश्याम म्हणाला.

"टेबल नाही मोडला बे. पंच मोडला!"

मांडव हसून लोळला. त्या हशात बाबारावांना दोन माणसं दिसली. बायांच्या रांगेत प्रियंका मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आणि मांडवाच्या अगदी मागं इंद्रजित उभा होता. तो बाबारावांकडं बघतच नव्हता. तो दीपाकडं बघत होता. मग त्यानं खांद्यावरची बॅग सावरली आणि मोटरसायकलीकडं वळला.

बाबारावांनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मांडवाला वाटलं, म्हातारा आता पुढची बात रचतोय.

"खरं सांगाचं तं..." ते म्हणाले.

हशा थांबला. इंद्रजितही थांबला. बाबारावांच्या पाठीमागं दीपाची खुर्ची जराशी सरकल्याचा आवाज आला. बाबारावांना रात्री जुळवलेलं वाक्य आठवलं, शब्दन् शब्द आठवला. पोट्टी हरली. पहिल्या अक्षरासाठी ओठ मिटलेसुद्धा.

"खरं सांगाचं तं, याच्यात नवल काहीच नाही," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "आमच्या घरात पाठ लागतच नसते. माही कधी लागली नाही. माह्या धम्म्याची लागली नाही. अन् हिची..."

"लागली."

माइक नव्हता तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दीपा उभी राहिली होती. शाल खुर्चीच्या पाठीवर होती, गुच्छ खाली पडला होता.

"पोट्टी लाजून राह्यली," बाबाराव हसत म्हणाले. कुणीच हसलं नाही. त्यांनी पहिल्या रांगेत पाहिलं. घनश्याम तंबाखू मळत नव्हता. तो सरळ बाबारावांकडं बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"खोटं हाय हे, आबाजी," दीपा म्हणाली. "माही पाठ लागली. मी पालथी झाली म्हनून हरली. मी टॅप केलं, त्या पोट्टीनं सोडलं, अन् मी चालत घरी आली."

बाबारावांनी माइक खाली घेतला, तो त्यांच्या सदऱ्याला घासून खरखरला.

"अन् बाबाची बी लागली," दीपा म्हणाली. "खाटीले लागली ते सुटलीच नाही. मले नका सांगू, आबाजी. मी पुसली हाय ते पाठ."