माझ्या पोटाखालचा ओलावा

“बाये, फातर सुको पडूक देव नको हां. पोटाखाली जीव आसत त्याच्या,” कामाच्या शेवटच्या दिवशी निघताना शेवंतीमावशीने बजावलं होतं.

“मावशे, दगडाला कसली तहान?” गौरवी हसली आणि बाळाला घेऊन आत गेली.

मित्रांनो, तो फातर म्हणजे मी. पार्से गावातल्या एका परसातला धुण्याचा जुना दगड. मला फोडून, तासून इथे केळींजवळ बसवलं, त्याला तीन पिढ्या झाल्या. एवढ्यांचे कपडे आपटून घेतले की, आता माझी पाठ मधोमध खोलगट झाली आहे.

त्यातली वीस वर्षं धुणं शेवंतीमावशीचं. साबणाचं पाणी ती गटारात सोडी. शेवटचं नितळ पाणी मात्र माझ्या कडेने केळीच्या मुळांत ओती. त्या गारव्याला माझ्या पोटाखाली देवगांडुळं राहत. सापासारखी दिसतात बिचारी, पण जात बेडकांची. ना डंख, ना विष.

मग वॉशिंग मशीन आलं. बाळाला दगडावरचे जंतू नकोत, असं गौरवीने ठरवलं. मशीनचं पाणी नळीने खड्ड्यात गेलं आणि मावशीचं येणं थांबलं. मला कुणी शिवेना. यंदा चतुर्थीनंतर पावसानेही पाठ फिरवली आणि माझ्याखालची माती तडकू लागली.

एक दिवस रांगता निहार माझ्यापाशी आला. माझ्या कडेला काहीतरी करडं, ओलसर हललं.

“अहो, धावा! साप!” निहारला उचलून गौरवी किंचाळली.

तिचा नवरा सुदेश पहार घेऊन धावला. त्याने मला उचकटलं. गौरवीने ब्लीचिंग पावडरीचा डबा उघडलाच होता.

“थांब गो. साप न्हय हा. पळत पण नाय बघ,” सुदेश म्हणाला.

पळणार कशी? ती देवगांडुळाची मादी आपल्या अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती. चार अंडी सुकून सुरकुतली होती. उरलेल्यांवर ती आपलं अंग अजून घट्ट आवळत होती.

गौरवीने कडेवरच्या निहारकडे पाहिलं. डबा खाली ठेवला. “मावशी सांगत होती हो,” एवढंच म्हणाली.

दोघांनी मला हळूच जागेवर टेकवलं. कडेने पालापाचोळा पसरला, नितळ पाणी शिंपडलं. पण किती ओल पुरे, ते कुणाला ठाऊक? गौरवी तशीच मावशीकडे गेली. मावशी गुडघा सुजून महिनाभर खाटेवर होती.

“मशीन इली, मगे माका कोण इचारता?” मावशी म्हणाली.

आता सुदेश तिला स्कूटरवरून आणतो. ती खुर्चीत बसून सांगते, गौरवी पाणी ओतते. काल पहाटे माझ्या पोटाखाली बारीक वळवळ सुरू झाली. मी थकलोय मित्रांनो, पण तेवढं मला कळलं.

परसात येणाऱ्या मुलांना गौरवी बजावते, “दगड उचलून बघू नका हां. बघायचंच असेल, तर तुमच्याकडे येणारी मावशी यायची थांबली असेल ना, तिला आज बघून या.”