दोन्ही बाह्या उजव्या

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. साधीसुधी नाही हं, कापड कापायची, नऊ इंची, मेरठची. कागद, पुठ्ठा आणि दुधाच्या पिशव्या कापणाऱ्या कात्र्या वेगळ्या. त्यांच्यात मला मोजू नका, मला राग येतो. आमची जात मुळातच जरा तिखट.

मेरठच्या एका भट्टीत मी तापले, ठोकले गेले आणि दगडावर घासून घासून पाणीदार झाले. तिथून प्रवास करत जबलपूरला बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानात आले. एके दिवशी एक सावळी, उंच बाई आली. तिने चार कात्र्या उघडमीट करून पाहिल्या, कानाशी नेऊन त्यांचा आवाज ऐकला आणि मला निवडलं. तीच माझी शकुताई. शकुताई साळवे. माहेर अचलपूरकडचं, सासर इथलं, जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यातलं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. भिंतीवर प्रभू येशूचं एक चित्र, खाली मशीन, आणि मशीनच्या उजव्या बाजूला खिळ्यावर मी.

खरं सांगते, सुरुवातीला मला तिच्या दोन सवयींचं हसू यायचं. पहिली म्हणजे, मला उघडण्याआधी ती दरवेळी पुटपुटायची, "प्रभू, कापड लोकाचं आहे. हात सांभाळ." वीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. अस्तराचं कापड असो की जरीचं, बोलणं तेच. मी मनात म्हणायची, हात कशाला सांभाळायचा, मी आहे ना!

दुसरी सवय चिंध्यांची. ब्लाउज शिवून झाला की उरलेले तुकडे, अगदी चार बोटांची पट्टीसुद्धा, ती गुंडाळून टाचणी लावून गिऱ्हाइकाला परत द्यायची. बाकीचे शिंपी त्यातून उशांचे अभ्रे शिवतात, गोधड्यांना ठिगळं लावतात, आणि त्यात कोणाला काही वाटतही नाही. शाळेत शिकवणाऱ्या विनताताई तर दरवेळी हसायच्या. "अच्छा शकुताई, या चिंधीचं मी काय लोणचं घालू?" शकुताई म्हणायची, "ते तुम्ही पाहा. कापड तुमचं आहे." रविवारी ती मला कपड्यात गुंडाळून ठेवायची आणि चर्चच्या मंडळीत उपासनेला जायची. ऐन लग्नसराईतही रविवारी दार उघडायची नाही. पण देवाधर्माच्या गोष्टी गिऱ्हाइकाला कधी सांगत बसली नाही. बोलायची ती फक्त गळा किती खोल आणि बाही किती लांब एवढंच.

माझे दिवस मजेत चालले होते. धार लावणारा नथ्थू सायकलचं चाक फिरवत यायचा, माझ्या पात्यावरून अंगठा फिरवून म्हणायचा, "दीदी, ऐसी कैंची अब नहीं बनती." त्या दिवशी मी जरा जास्तच चमकायची.

गेल्या वर्षीची गोष्ट. विनताताईंच्या अवंतिकाचं लग्न ठरलं होतं. श्रावणात तिचे वडील, अच्युतराव, अचानक गेले. जाण्याआधी पंधरा दिवस ते एकटेच बड्या फुहाऱ्याला गेले होते आणि मुलीसाठी एक साडी घेऊन आले होते. त्यांनी उभ्या आयुष्यात निवडलेली ती एकच साडी. जांभळाच्या रंगाची, दोन्ही बाजूंनी बारीक काठ. तिच्यातला ब्लाउजचा तुकडा विनताताई शकुताईकडे देऊन गेल्या. लग्नाला आठ दिवस होते.

आणि मित्रांनो, आता मला लाज वाटते तो भाग येतो. शकुताईच्या डोळ्यांत दोन महिन्यांपासून मोतीबिंदू उतरत होता. सुईत दोरा ओवायला ती नवऱ्याला, गौतमभाऊंना, बोलवायची, आणि तेसुद्धा दार लोटून घेऊन. बाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. गौतमभाऊ रिछाईच्या कारखान्यात होते, तो बंद पडला. घर चालायचं ते माझ्या पात्यावर. डोळे गेले हे गोरखपुरात पसरलं तर कापड देणार कोण?

त्या दुपारी तिने तुकडा पसरला. नेहमीचं वाक्य म्हणाली. बाहीचा कागदी फर्मा एका काठावर ठेवून खडूने आखला, मग दुसऱ्या काठाकडे फिरवून पुन्हा आखला. बाही बगलेजवळ पुढून जास्त खोल कापतात, म्हणून दुसऱ्या बाहीला फर्मा पालथा घालावा लागतो. तिने तो फिरवला, पण पालथा घातला नाही. मला काय, खडूच्या रेघेवरून मी सरसर निघाले. दोन्ही तुकडे समोरासमोर ठेवून तिने कडांवरून बोट फिरवलं. दोन्ही बाह्या उजव्या झाल्या होत्या. डावी बाही कापायला कापडच उरलं नव्हतं.

मला प्रार्थनेचाच राग आला. रोज म्हणायची ना, हात सांभाळ? मग सांभाळला का नाही?

गौतमभाऊ आतून आले. पाहिलं आणि हळूच म्हणाले, "शकु, एक बाही उलटी करून लाव. उलट्या बाजूनं जरासं फिकं आहे, बस. मांडवाच्या लाईटात कोणाले दिसून राहिलं?"

"मले दिसून राहिलं ना," ती म्हणाली.

"तुले तर काहीच दिसून नाही राहिलं, तोच तर लोचा आहे." गौतमभाऊंना हसायचं होतं, पण जमलं नाही. "हे बघ, सांगशील तर डोळ्याचंबी सांगा लागेल. मंग कोणी येईल का आपल्या दारात?"

ओट्यावर नुकता गाळलेला चहा होता, त्याच्याकडे तिने पाहिलं, आणि तो तसाच ठेवून कापलेले तुकडे फर्म्यासकट पिशवीत भरले. त्या गडबडीत मीही पिशवीत गेले. दारात तिने एकदा चित्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं मागेल. ती एवढंच म्हणाली, "आता पाय सांभाळ."

विनताताईंचं घर दोन गल्ल्या सोडून. तिथे पत्रिकांवर नावं घालणं चाललं होतं. शकुताई खाली बसली नाही. उभ्यानेच दोन्ही बाह्या दिवाणावर मांडल्या.

"ताई, माझ्या हातून तुमचं कापड खराब झालं. दोन्ही उजव्या कापल्या."

विनताताईंचे डोळे भरले. "शकुताई, हे एवढं एकच होतं हो! दुसरं काहीही बिघडवलं असतं, मी एक शब्द बोलले नसते. हे त्यांच्या हातचं होतं."

"मम्मी, रहने दो ना. मी दुसरा ब्लाउज घालते," अवंतिका म्हणाली. ती मराठी समजते, पण बोलताना अर्ध्यातून हिंदीत जाते. आत्ता तिला दोन्ही भाषांत पुढे काही सुचेना.

"अजून आहे," शकुताई म्हणाली. "मोतीबिंदू होऊन राहिला मले. दोन महिने झाले. कापड घेताना तुम्हाले सांगाले पाहिजे होतं, नाही सांगितलं. बाही हातून चुकली ताई, पण हे मी जाणून लपवलं. ते माझं जास्त चुकलं."

विनताताईंनी एक बाही उचलली, उलटसुलट केली. "एक उलटी लावून दिली असती, तर मला कळलं असतं का?"

"नसतं कळलं."

"मग सांगायला कशाला आलात?"

"कापड तुमचं आहे," शकुताई म्हणाली.

विनताताई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं, आता दार दाखवतील. त्या परत आल्या ती साडी घेऊन. दिवाणावर तिचं आतलं टोक पसरलं, जे नेसताना कमरेत खोचलं जातं आणि कोणाला दिसत नाही.

"एका बाहीपुरतं इथून निघेल?"

"निघेल. पण दुसऱ्या कोणाकडून कापून घ्या, ताई. आज माझ्या हातात कात्री देऊ नका."

विनताताईंनी पिशवीत हात घालून मलाच बाहेर काढलं. "अठरा वर्षं तुम्ही मला चार बोटांची चिंधी परत दिलीत, आणि मी हसत राहिले. कापायचं तुम्हीच. मी शेजारी उभी राहते. फर्मा पालथा घातला की नाही, ते मी बघते."

शकुताईने मला हातात घेतलं. पण ती मला उघडेना. विनताताई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणा ना ते तुमचं. त्याशिवाय तुम्ही कापता कुठे?"

"प्रभू," शकुताई म्हणाली, "कापड लोकाचं आहे. हात सांभाळ."

विनताताईंनी एका हाताने फर्मा धरला आणि दुसरा हात तिच्या मनगटाखाली ठेवला. मी आयुष्यात इतकी हळू कधी चालले नाही.

बाही डावी निघाली. अवंतिकाने ती दंडाला लावून पाहिली आणि शकुताईच्या गळ्यातच पडली. "मावशी, पापा का ब्लाउज बन गया!" निघताना शकुताईने ती चुकलेली बाही घडी करून, टाचणी लावून विनताताईंच्या हातात दिली. या वेळी त्या हसल्या नाहीत.

पुढे सगळं गोडच झालं असं मी सांगणार नाही. शकुताईने दारावर पाटी लावली, की डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत नवीन कापड घेणार नाही. काही गिऱ्हाइकं त्यानंतर परत फिरकलीच नाहीत. मी दोन महिने खणात पडून होते. गंज चढला. वरून गौतमभाऊंनी माझ्याने डोळ्याच्या थेंबांचे खोके कापले. पुठ्ठ्याचे! तेव्हा मी खूप रडले. पण आता ते तिला थेंब घालताना दिसले की माझा राग जातो. नथ्थूने धार लावून दिली, ऑपरेशननंतर शकुताईचे डोळे निवळले, आणि परवा विनताताईंचंच कापड सगळ्यात आधी आलं.

मला वाटायचं, ती प्रार्थना माझं पातं सरळ चालावं म्हणून असते. तसं नव्हतं. हात चुकल्यावर पाय विनताताईंच्या दाराकडे वळावेत, त्यासाठी ती वीस वर्षं म्हणत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, तर तिच्या स्क्रूला तेलाचा एक थेंब द्या आणि तिच्याने पुठ्ठे कापू नका. आणि कधी दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर संध्याकाळची वाट पाहू नका. ती पिशवीत घाला आणि लगेच निघा. चहा गार झाला तरी चालेल. शकुताईचा त्या दिवशी झाला होता. घरी परतल्यावर गौतमभाऊंनी तो पुन्हा गरम करून दिला.