एक्केचाळिसावं कार्ड

...खाच जेमतेम नखाएवढी, आणि बाकीच्या खाचांपेक्षा किंचित तिरकी, कारण बाकीच्या चिमट्याने पाडलेल्या होत्या आणि ही कात्रीने — जेवणाच्या टेबलावर बसून, शिवणाच्या पेटीतल्या छोट्या कात्रीने, तीस वर्षांपूर्वी. तिने कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवला. चार वाजता मुलगी येणार होती. मुलगी म्हणजे तिच्या हाताखाली प्रबंध लिहिणारी; बत्तीस वर्षांची बाई खरं तर, पण तिला ती मुलगीच वाटायची. "मूळ कार्डं मिळाली तर सगळं नव्याने मोजून बघते, बाई," असं ती फोनवर म्हणाली होती, आणि आपण म्हणालो, ये की, त्यात काय... त्यात काय!

दोनशे बारा कार्डं. एकेकट्या राहणाऱ्या दोनशे बारा म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. माणशी एक कार्ड, कार्डाच्या कडेला भोकं, एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. उत्तर 'हो' असलं की ते भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. मग सगळा गठ्ठा उभा धरून त्या भोकातून विणकामाची सुई घालायची, उचलायचं, हलवायचं — 'हो'वाले गळून पडतात, 'नाही'वाले सुईला लटकून राहतात. सारखी तक्रार करता का? एकशे सहा पडले. तेवढेच उचलून पुढच्या भोकात सुई — मनातलं सांगायला कुणी आहे का? — आणि भराभर, पानं गळावीत तसे सगळे पडले. रिकाम्या खोलीत ती मोठ्याने हसली होती. कारण सिद्धांत तोच होता: कुरकुरणारा माणूस एकटा नसतो. रडायला खांदा लागतो. ज्याला खांदा उरलेला नाही तो गप्प होतो. म्हणून काळजी करायची ती गप्प माणसाची. किती सुंदर होतं ते. अजूनही आहे, तेच तर दुखणं आहे. मग तिने सुईकडे पाहिलं, तर एक कार्ड लटकत होतं, एक्केचाळिसावं.

त्या कार्डावरचा म्हातारा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. तिसरा मजला, खोलीभर तेलाचा वास, बोटांना काळे चर. दोन तास तो नुसता कुरकुरत होता — जिना उंच, नळाला धार नाही, वरचे लोक खुर्च्या ओढतात, डॉक्टर तोंडाकडे बघत नाही, आणि तुमचं ते पेन किती करकरतं हो. तिला मनातून गुदगुल्या होत होत्या. सिद्धांत समोर बसून बोलत होता. शेवटी सहज, उत्तर ठाऊक असल्यासारखं तिने विचारलं, "हे सगळं एरवी कुणाला सांगता?"

"एरवी?" तो म्हणाला. "एरवी कोण येतंय इथे?"

आणि पुन्हा खिडकीच्या कडीबद्दल सुरू झाला.

दादाला तिने फोन केला होता. थोरला भाऊ, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा, कधी घाईत नसलेला. एकच आकडा वेडावाकडा आला तर काय करतोस रे? "आधी तापमापी तपासायची," दादा म्हणाला, "ती धड निघाली, तर मग सिद्धांत." तिने पहिलं अर्धं तेवढं ऐकलं. तापमापी म्हणजे म्हातारा. त्याला प्रश्न कळला नसेल, चिडून बोलला असेल, खालचा दुकानदार असेल की — कुणीतरी असतंच — एकशे सहातला एक, गव्हात एखादा खडा निघायचाच... खडा होता की मीच तो खडा ठरवला? कात्री हातात कधी आली ते मात्र आठवत नाही. आवाज आठवतो. कागद कापल्याचा एवढासा आवाज.

पुस्तक निघालं. नाव झालं. नगरपालिकेच्या कार्यालयाने तिच्या सिद्धांतावरून पाच प्रश्नांचा तक्ता केला, कोणाच्या घरी रोज परिचारिका पाठवायची ते ठरवायला. वारंवार तक्रार करतात — वजा दोन गुण. दादाला तिने कौतुकाने तक्ता दाखवला, तेव्हा त्याने चष्मा काढून तो बराच वेळ पुसला. "दगडाचं बरं असतं," तो म्हणाला. "त्याच्याबद्दल आपण काहीही मानलं तरी तो पडायचा तसाच पडतो. तुझ्या माणसांचं तसं नाही, बाळ. जपून." ती रुसली होती त्याच्यावर. शिक्षकी बाणा, दुसरं काय.

मग एका कार्यक्रमात त्या कार्यालयाची एक परिचारिका भेटली. हसतमुख, कौतुकाने हात हातात घेणारी. बोलता बोलता म्हणाली की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या शिलाई मशीनवाल्या आजोबांचं वाईट झालं हो, आठ दिवसांनी कळलं, दार तोडावं लागलं. "पण आमची चूक नव्हती, बाई. किती कुरकुरायचे ते! तुमच्या तक्त्याप्रमाणे त्यांना गरजच नव्हती."

ती म्हणाली, "हो का."

तेव्हापासून तो येतो. भुताखेतावर तिचा विश्वास नाही. तो दिसत नाही, नुसता बोलतो, आणि रागाचं तर कधीच बोलत नाही — राग परवडला असता. नळ गळतोय, म्हणतो. उशी फार मऊ आहे. या दिव्याने डोळे दुखतात. ती व्याख्यान देत असली की पहिल्या रांगेतून आल्यासारखा त्याचा आवाज येतो, जरा मोठ्याने बोला. तो अजून कुरकुरतो म्हणजे माझ्या सिद्धांताप्रमाणे त्याला आता कुणीतरी आहे... या विचाराशी ती नेहमी थांबते. आणि तक्ता अजून चालू आहे. आजही, या क्षणी, कुणीतरी कुरकुरतंय आणि कुणीतरी त्याचे दोन गुण वजा करतंय. आज सांगायचं. नाव जाईल, जाऊ दे. मुलीने एकदा लिहिलं की तक्ता बदलावाच लागेल.

मुलगी चारला पाच मिनिटं असतानाच आली. बूट काढता काढता म्हणाली, "काय जिना आहे तुमचा, बाई!" आणि तिला म्हाताऱ्याचा तिसऱ्या मजल्याचा जिना आठवला.

पाणीसुद्धा न विचारता तिने कार्ड पुढे केलं. "हे मी कापलं. उत्तर 'नाही' होतं." मग सगळं सांगितलं, मशीनवाला, परिचारिका, आठ दिवस. इतक्या वर्षांत प्रथमच हलकं वाटत होतं. आता ही रागावेल. रागाव गं.

मुलीने कार्ड उजेडात धरलं. "एकच ना?"

"एकच."

"एवढंच होय!" तिने श्वास सोडला. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या मुलाखतींत तर अशी तीन माणसं आहेत, बाई. तुमचा सिद्धांत इतका पक्का, म्हटलं माझंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून काढून टाकली. सांगावं की नाही याचीच धास्ती होती मला."

"कोण आहेत ती?"

"म्हणजे?"

"ती तिघं. कोण आहेत?"

"असं नाही सांगता येणार. क्रमांक बघावे लागतील."

मुलीचा चेहरा आता अगदी मोकळा झाला होता, परीक्षेचा पेपर सोपा गेल्यासारखा. पकडलं जाण्याची भीती — तीस वर्षं आपल्याला तीच वाटते आहे असं ती समजत होती. आता कळत होतं की आपल्यावर रागावेल अशा कुणाची तरी ती वाट पाहत होती, आणि ते कुणीतरी येणार नव्हतं. जी आली तिला हिनेच शिकवलं होतं.

"तेवढं चालतं ना, बाई?" मुलगी म्हणाली.

एक शब्द, 'हो'. तो तोंडात तयार होता, उबदार होता, आणि तो उच्चारला की मुलगी सुटणार होती आणि मीही. 'नाही' म्हणायचं होतं तिला. मशीनवाला काहीच बोलत नव्हता, नळाबद्दलसुद्धा नाही. तिने ओठ घट्ट मिटले. मुलीने क्षणभर वाट पाहिली, मग हसली, मान डोलावली आणि कार्डं पिशवीत भरायला लागली. मी गप्प आहे ती 'नाही' म्हणून की 'हो' म्हणून, हे तिचं तिलाच कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची नाही, स्वतःची भीती वाटली.