रंगाऱ्याच्या डोक्याचा पोचा

साहेब, इस्पितळाचे प्रमुख तुम्ही, म्हणून आरोप थेट तुमच्यावर आहे. लोक रंगाऱ्याच्या डोक्यापुढे हात जोडून उभे होते, तेव्हा त्या डोक्यात काय बसवलंय हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. इस्पितळाचा हॉल फुंकरबाबाला दिलात तोही तुम्हीच.

रंगारी शिडीवरून पडला होता. कवटीचं डावीकडचं चेचलेलं हाड काढून तिथे धातूची प्लेट बसवली. टाके सुकले आणि बाबा उगवले. म्हणे, बारा कोसांवरून रोज फुंकर मारली, तेव्हा हाड वाढलं. पुरावा? कानाच्या वरचा पोचा. हाड कोवळं असताना बाबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं होतं; तेही बारा कोसांवरूनच. झालं, रांग लागली. जो तो पोच्यात अंगठा बसवून बघू लागला. रंगाऱ्याची मान आखडली, तर बाबांनी तिला समाधी ठरवलं.

तळघरात ही प्लेट स्क्रीनवर घडवणाऱ्या डिझाइनरबाईंना आधी हसूच आलं. मग रांगेत एक आई दिसली. शेजारी हेल्मेट घातलेली तरुण लेक. हेल्मेटखाली एका बाजूला हाडच नव्हतं. मेंदू नुसत्या कातडीआड. सोमवारी ऑपरेशन होतं. बाबा फुकट फुंकर मारतायत म्हटल्यावर आई नकाराच्या कागदावर सही करून आली होती.

बाईंचं हसू विरलं. खरं काय ते सांगायचं तर स्वतःची चूक चारचौघांत उघडी करावी लागणार होती. त्यांनी केली. स्कॅनमधली शाबूत उजवी बाजू आरशासारखी उलटवून डावीकडची प्लेट घडवतात. रंगाऱ्याच्या उजवीकडे जुना पोचा होता. तो उलटवलेल्या प्रतीत बुजवायचा राहिला. धोका काही नाही, पण चूक ती चूकच. त्यांनी त्याचे उजवीकडचे केस बाजूला सारले. तसाच पोचा.

"बाबा, हा कुणाचा अंगठा?"

बाबा म्हणाले, तो आमच्या गुरूंचा.

"कसले गुरू? पाटी घातली होती मी त्याच्या डोक्यात," रंगाऱ्याची ताई म्हणाली. "माझं रबर चोरलं होतं मेल्याने."

एकाने घाईघाईने ताईलाच नमस्कार करून टाकला.

ऑपरेशनआधी छापलेला प्लेटचा प्लास्टिकचा नमुना बाईंनी रंगाऱ्याच्या डोक्यावर डावीकडे ठेवला. पोच्यात पोचा चपखल बसला. लेकीचा हात धरून आई पुढे आली.

"माझ्या पोरीची तयार आहे?"

"आहे. दोनदा तपासलीय."

साहेब, फुंकरीने धूळ उडते, हाड उगवत नाही. हे कळायला शिक्षण लागत नाही, विचारायची हिंमत लागते. आई विचारायला वर तुमच्या ऑफिसात आली, तर तुमचा कारकून म्हणतो, नकारावर सही झाली, ऑपरेशनचा नंबर गेला. तो कागद फाडा. पोरीला टेबलावर कधी घेताय? तारीख सांगा.